ताडोब्याची लेक, सिमिलिपालची सून

परवा रात्री साडेदहाला आत्याचा फोन आला. इतक्या रात्री आत्याचा फोन म्हणजे दोनच शक्यता. एक तर कुणीतरी ‘गेलं’, नाहीतर कुणीतरी ‘बघितलं’.

दुसरी निघाली.

“अगं, सोन्यासारखा मुलगा आहे. हिंजवडीत नोकरी, स्वतःचा फ्लॅट, आई-वडील साताऱ्याला. काही म्हणजे काही प्रॉब्लेम नाही. फक्त एकच...”

“काय?”

“सगोत्र निघाला गं!”

संपलं! बिचाऱ्याचा फोटोसुद्धा न बघता फाइल क्लोज. मनातल्या मनात मी त्या कुठल्याशा ऋषींचे आभार मानले आणि झोपले. सकाळी उठून बघते तर माझी रूममेट रिपोर्टची वाट बघत बसलेली. हिचं लव्ह मॅरेज. पाच वर्षांचं अफेअर, घरच्यांशी भांडण, रुसवेफुगवे, सगळे एपिसोड झालेले. पण डॉक्टरीणबाईंनी सांगितलं, लग्नाआधी दोघांनी थॅलेसेमियाची टेस्ट करून घ्या. दोघंही कॅरिअर असाल तर प्रत्येक बाळंतपणात, मूल आजारी असण्याची शक्यता चारात एक. थोडक्यात काय, लव्ह असो नाहीतर अरेंज्ड, कुणीतरी तुमची कुंडली तपासणारच. आत्या गोत्र बघते, लॅब रक्त बघते.

आणि नेमकी त्याच आठवड्यात मी वाघांबद्दल वाचत होते. (फ्रीलान्सरचं आयुष्य असंच असतं. सकाळी लिपस्टिकच्या शेड्स, दुपारी वाघ.) वाचता वाचता एका स्थळाची गोष्ट सापडली. मुलगी चंद्रपूरची, मुलगा ओडिशाचा, मध्यस्थ दोन राज्यांची सरकारं आणि पत्रिका जुळवणारे बेंगळुरूचे सायंटिस्ट. म्हटलं, ही गोष्ट तर सांगायलाच हवी.

मुलीचं नाव झीनत. ताडोब्याची वाघीण, वय साधारण तीन वर्षं. २०२४ च्या नोव्हेंबरमध्ये तिला ओडिशातल्या सिमिलिपाल व्याघ्र प्रकल्पात नेलं. तिच्या आधी काही दिवस, ऑक्टोबरच्या शेवटी, ताडोब्याचीच दुसरी वाघीण जमुना तिथे गेली होती. दोघींच्या गळ्यात रेडिओ कॉलर. मंगळसूत्र म्हणा हवं तर!

आता प्रश्न असा की ओडिशाला वाघिणी काय मिळत नाहीत? आपल्या पोरी एवढ्या लांब कशाला द्यायच्या?

कारण सासर काळं आहे. म्हणजे खरोखरच काळं.

सिमिलिपालमध्ये काळे वाघ आहेत. अगदी कोळशासारखे नाहीत, पण अंगावरचे पट्टे इतके रुंद आणि एकमेकांत मिसळलेले की लांबून वाघ काळाच दिसतो. पिवळा रंग फक्त फटीफटीतून डोकावतो. पूर्वी लोक म्हणायचे, ‘काळा वाघ बघितला’, आणि शहाणे म्हणायचे, ‘बिबट्या असेल’. २००७ मध्ये तिथल्या कॅमेरा ट्रॅपमध्ये ते फोटोसकट सापडले आणि शहाण्यांची तोंडं बंद झाली. जगात दुसऱ्या कुठल्याही जंगलात हे वाघ असे पिढ्यान्‌पिढ्या राहत नाहीत. २०२२ च्या गणनेत सिमिलिपालमध्ये १६ वाघ मोजले गेले, त्यातले १० काळे. सोळात दहा!

बॉस, एकदम सॉलिड वाटतं ना? मलाही वाटलं. गुगल करून फोटो बघितले. काय देखणा प्राणी आहे! एखाद्या डिझायनरने ‘लिमिटेड एडिशन’ काढावी तसा. २०२४ च्या जानेवारीत ओडिशा सरकारने बारीपदाजवळ काळ्या वाघांची सफारी काढण्याची घोषणासुद्धा केली. ब्रँडिंग म्हणतात ते हेच.

पण बेंगळुरूच्या नॅशनल सेंटर फॉर बायॉलॉजिकल सायन्सेसमध्ये, म्हणजे एनसीबीएसमध्ये, उमा रामकृष्णन नावाच्या शास्त्रज्ञ आहेत. त्यांच्या टीमला या लिमिटेड एडिशनबद्दल वेगळाच प्रश्न पडला. हा रंग इथेच का? आणि एवढ्या जणांना का?

उत्तर शोधायला त्यांनी वाघाचा जीनोम वाचायला घेतला.

जीनोम म्हणजे काय, ते माझ्यासारख्या मास कॉमवालीच्या भाषेत सांगते. प्रत्येक जिवाच्या पेशीत एक भलंमोठं पुस्तक असतं. त्यात अक्षरं फक्त चार, पण वाघाच्या पुस्तकात ती सुमारे २४० कोटी वेळा येतात. ते पुस्तक पहिल्या अक्षरापासून शेवटच्यापर्यंत वाचणं म्हणजे जीनोम सिक्वेन्सिंग. माणसाचं पुस्तक पहिल्यांदा वाचायला १९९० ते २००३ अशी तेरा वर्षं लागली आणि पावणेतीन अब्ज डॉलरच्या आसपास खर्च आला. वाघाचं पुस्तक पहिल्यांदा वाचलं गेलं २०१३ मध्ये, दक्षिण कोरियातल्या एका झूमधल्या वाघाचं. आता हे काम इतकं स्वस्त आणि झटपट झालंय की एका वाघावर न थांबता अख्ख्या कुटुंबाचं वाचता येतं.

फक्त अडचण ही की जंगलातल्या वाघाकडे जाऊन ‘सर, जरा रक्त देता का?’ असं विचारता येत नाही.

मग काय करायचं? वाघाने मागे सोडलेलं गोळा करायचं. विष्ठा, झाडाच्या खोडाला चिकटलेले केस, शिकारीवर राहिलेली लाळ. ऐकायला छी-छी वाटतं, पण यातच डीएनए असतो. तोही तुटकामुटका, आणि त्यात वाघाने खाल्लेल्या हरणाचा आणि असंख्य जिवाणूंचा डीएनए मिसळलेला. पावसात भिजलेल्या रद्दीतून एकाच वर्तमानपत्राची पानं वेगळी काढण्यासारखं काम. ते जमावं म्हणून एनसीबीएसच्या लोकांनी अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या शास्त्रज्ञांबरोबर खास कमी खर्चाच्या पद्धती बसवल्या.

आणि इथून खरी गंमत सुरू होते. कारण हे काम एकट्या लॅबला झेपणारं नव्हतंच. जंगलातले नमुने हवेत, तर वनखातं हवं, रोज वीसेक किलोमीटर चालून कुठल्या दगडामागे काय पडलंय ते ओळखणारा वनरक्षक हवा. देशभरातल्या वाघांशी तुलना करायची, तर देहरादूनची वाइल्डलाइफ इन्स्टिट्यूट आणि हैदराबादची सीसीएमबी हवी. एकाच घरातले आई, बाप आणि पिल्लं ओळीने तपासायची, तर झू हवं. कारण कोण कुणाचा मुलगा, याचं रजिस्टर जंगलात नसतं, झूमध्ये असतं. भुवनेश्वरच्या नंदनकाननमध्ये काळे आणि साधे असे दोन्ही वाघ असलेलं कुटुंब होतं. आणि मांजरांच्या अंगावरचे पट्टे नेमके ठरतात कसे, यावर वर्षानुवर्षं काम केलेले लोक होते अमेरिकेत, स्टॅनफर्डला आणि अलाबामातल्या हडसनअल्फा इन्स्टिट्यूटमध्ये.

एवढी सगळी मंडळी एका मांडवात आली तेव्हा कुठे २०२१ मध्ये उत्तर छापून आलं. २४० कोटी अक्षरांपैकी एक. फक्त एक अक्षर बदललंय! टॅकपेप नावाच्या जनुकातलं. याच जनुकातल्या गडबडीमुळे काही घरगुती मांजरांचे पट्टे फिस्कटून मोठमोठे गोल होतात आणि आफ्रिकेतल्या ‘किंग चीता’वर ठिपक्यांऐवजी जाड रेघा येतात. फॅशन वेगवेगळी, टेलर एकच.

पण हे अक्षर एकदाच बदलून भागत नाही. आईकडून एक आणि वडिलांकडून एक, अशा दोन्ही प्रतींत चूक असेल तरच पिल्लू काळं. अगदी माझ्या रूममेटच्या थॅलेसेमियासारखं गणित. सिमिलिपालबाहेरचे देशभरातले सुमारे ४०० वाघ तपासले, त्यांच्यापैकी एकाकडेही ही चूक मिळाली नाही. आणि सिमिलिपालमध्ये? तिथे या जनुकाच्या निम्म्याहून जास्त प्रती बदललेल्या.

याचा अर्थ आत्याने एका क्षणात सांगितला असता. सगळे सगोत्र!

सिमिलिपालचे वाघ म्हणजे बेटावरची माणसं. आजूबाजूची जंगलं तुटली, बाहेरून कुणी यायचं थांबलं. सुरुवातीला जे मोजके वाघ उरले त्यांच्यात ही चूक होती, तीच पिढ्यान्‌पिढ्या आपापसात फिरत राहिली. काळा रंग हा काही त्यांचा पराक्रम नाही. ते त्यांच्या एकटेपणाचं सर्टिफिकेट आहे. काळेपणाने वाघ आजारी पडतो असंही नाही. पण जी एक चूक अंगावर दिसते, तिच्यासोबत न दिसणाऱ्या किती चुका अशाच जोडीजोडीने जमत असतील, हा खरा घोर. घरातल्या एका भिंतीवर ओल आली की शहाणा माणूस नुसता रंग देत नाही, पाइप तपासतो. तसं.

तुम्हाला ते ‘फक्त १४११’ आठवतंय? २००६ च्या गणनेत देशात तेवढेच वाघ उरलेत म्हणून एका मोबाइल कंपनीने २०१० मध्ये केवढी जाहिरात केली होती! आपण सगळ्यांनी एसेमेस पाठवले, टी-शर्ट घातले. २०२२ च्या गणनेत देशभरातला अंदाज ३६८२ पर्यंत गेला, महाराष्ट्रातच ४४४. टाळ्या! पण तो आकडा म्हणजे सोसायटीच्या वॉचमनच्या वहीतला आकडा. किती आले, किती गेले. आतल्या माणसांची एकमेकांशी गाठ पडते की नाही, हे त्यात कळत नाही. ते जीनोममध्ये कळतं.

न कळल्याने काय होतं, त्याचाही अनुभव आपल्याकडे आहे. राजस्थानच्या सरिस्कातले वाघ २००४-०५ च्या सुमाराला शिकारीपायी पार संपले. २००८ मध्ये रणथंबोरहून वाघ उचलून तिथे सोडले. हेलिकॉप्टर, कॅमेरे, सगळा थाट. पण पाळणा काही हलेना. आणलेले वाघ एकमेकांच्या जवळच्या नात्यातले आहेत का, आधी तपासून का नाही घेतलं, यावरून तेव्हा बराच वाद झाला. सरिस्कात पिल्लं दिसायला २०१२ उजाडलं. लग्न जुळवणाऱ्यांनी मांडव घातला, वाजंत्री बोलावली, पण गोत्र विचारायचं राहून गेलं!

हे सगळं पाहता झीनत आणि जमुना यांचं ओडिशाला जाणं ही सहल नव्हती. सिमिलिपालच्या त्या मोजक्या वाघांत नवं रक्त यावं म्हणून जुळवलेलं स्थळ होतं.

पण नव्या सुनेने काय करावं? झीनतला आधी कुंपणाच्या आत ठेवलं होतं. नोव्हेंबरच्या शेवटी दार उघडलं. डिसेंबरमध्ये ती चक्क सासर सोडून चालू लागली! ओडिशातून झारखंड, झारखंडमधून पश्चिम बंगाल. झारग्राम, पुरुलिया, बांकुरा. तीन आठवडे, तीन राज्यं. मागे वनखात्याच्या गाड्या, पुढे ही. आमिषं ठेवली, सापळे लावले, बाईसाहेब बधेनात. शेवटी २९ डिसेंबरला बांकुऱ्यात तिला बेशुद्ध करून पकडलं, कोलकात्यात तपासणी झाली आणि नव्या वर्षाच्या तोंडावर पुन्हा सिमिलिपालला पोचवलं.

बातमी वाचून ऑफिसातल्या सगळ्या पोरी झीनतच्या बाजूने. “बरोबर केलं! विचारलं होतं का तिला?” आमच्या एका सीनियरने तर पुढची स्टोरी ‘रनअवे ब्राइड’ नावाने करू म्हणून सांगितलं. हसलो आम्ही खूप. पण नंतर विचार केला, या तीन आठवड्यांत तीन राज्यांच्या वनखात्यांनी एकमेकांचे फोन उचलले नसते तर? एखाद्या गावाने घाबरून तिला घेरलं असतं तर?

‘तर’ची गोष्ट घडलेलीही आहे. ओडिशातच, सातकोसियामध्ये. २०१८ मध्ये मध्य प्रदेशातून दोन वाघ तिथे आणले. कान्हाचा महावीर आणि बांधवगडची सुंदरी. एका राज्यातून दुसऱ्या राज्यात वाघ नेऊन वसवण्याचा देशातला हा पहिलाच प्रयोग. कागदावर सगळं जुळलं होतं. पण तिथल्या गावांना हे वाघ नको होते. महावीर काही महिन्यांतच मेलेला सापडला, शिकाऱ्यांच्या फासाने जखम झाली होती असं सांगितलं गेलं. सुंदरीच्या हल्ल्यात दोन माणसं गेल्याचं म्हटलं गेलं, लोक खवळले, तिला पकडून पिंजऱ्यात ठेवलं आणि २०२१ मध्ये परत पाठवलं. माहेरी परतलेली लेक. आणि त्या दोन घरांत परत कुणीच आलं नाही.

मला वाटतं, पार्टनरशिप हा शब्द आपण फार स्वस्त करून टाकलाय. आपल्या ऑफिसमध्ये कसं असतं? दोन कंपन्यांचे लोगो शेजारी शेजारी, एक फोटो, एक केक, झाली पार्टनरशिप. वाघांच्या बाबतीत लोगोंची यादी कितीही लांब असो, गावातली माणसं त्या यादीत नसतील तर उरलेली सगळी अक्षरं वाचून उपयोग नाही.

हे जिथे नीट जमलं त्याचं एक उदाहरण आहे, पण त्यासाठी थेट न्यूझीलंडला जावं लागेल. तिथे काकापो नावाचा पोपट आहे. हिरवागार, गुबगुबीत, रात्री फिरणारा आणि उडता न येणारा. (म्हणजे डेडलाइनच्या आठवड्यातली मी.) १९९५ मध्ये असे फक्त ५१ पक्षी उरले होते. २०१६ मध्ये तिथल्या लोकांनी ठरवलं, नमुन्यादाखल एक-दोन नाही, जिवंत असलेल्या एकूणएक काकापोचा जीनोम वाचायचा. सरकारचं संवर्धन खातं, ओटागो विद्यापीठ, जेनेटिक रेस्क्यू फाउंडेशन, आणि लोकवर्गणी! तुमच्या-माझ्यासारख्यांनी दिलेले पैसे. १६९ पक्ष्यांच्या जीनोमवरचा अभ्यास २०२३ मध्ये प्रसिद्ध झाला. आता कुठली जोडी लावावी, कुठल्या पिल्लाकडे जास्त लक्ष द्यावं, याचा अंदाज त्यातून घेता येतो. २०२२ मध्ये काकापोंची संख्या २५२ वर पोचली होती.

पण मला आवडलेली गोष्ट पुढे आहे. न्यूझीलंडचे मूळ रहिवासी माओरी, त्यांच्यातले न्गाइ ताहू हे लोक काकापोला आपला ठेवा मानतात. या कामात ते पाहुणे म्हणून नव्हते, भागीदार होते. जीनोमची माहिती कुणाला द्यायची, कशासाठी द्यायची, हे ठरवताना त्यांची परवानगी लागते. पोपटाची कुंडली आहे, पण ती उघडताना घरच्यांना विचारायचं. किती साधी आणि किती मोठी गोष्ट!

आपल्याकडेही अशी संधी आता दारात उभी आहे. २०२५ च्या नोव्हेंबरमध्ये ताडोब्याची आणखी एक वाघीण चांदोलीला, सह्याद्री व्याघ्र प्रकल्पात आली. म्हणजे सातारा, सांगली, कोल्हापूर या आपल्या वीकएंडच्या पट्ट्यात. केंद्राने ताडोबा आणि पेंचमधून एकूण आठ वाघ सह्याद्रीत आणायला परवानगी दिलीय. गगनबावड्याला पावसात भजी खायला जाणारे आपण, आता वाघांच्याही शेजारात. तिथल्या गावांशी कोण, किती आणि कसं बोलतंय, हे त्या आठ वाघांच्या डीएनएइतकंच महत्त्वाचं ठरणार.

आणि हे वाघ उचलून नेणं हासुद्धा तात्पुरताच उपाय बरं का. खरा उपाय म्हणजे वाघाला स्वतःच्या पायाने सासरी जाता येणं. पेंचजवळून जाणाऱ्या राष्ट्रीय महामार्ग ४४ वर प्राण्यांसाठी रस्ता उंच करून खालून वाट ठेवलीय. वर आपल्या गाड्या, खालून वाघ. कॅमेऱ्यांत ते जाता-येताना दिसलेतही. नागपूरहून जबलपूरला जाताना तिथे चुकून हॉर्न वाजवू नका. खाली कुणाचं तरी बघायला जाणं चाललेलं असेल.

आता शेवटचा प्रश्न, मला खरंच छळणारा. समजा सगळं जुळून आलं. ताडोब्याच्या वाघिणी तिथे रमल्या आणि काळ्या वाघाशी संसार थाटला. पिल्लं कशी होतील? आईकडून साधं अक्षर, बापाकडून बदललेलं. म्हणजे सगळी पिल्लं दिसायला नेहमीसारखी. पिवळी, पट्ट्यापट्ट्यांची, आपल्या नोटबुकच्या कव्हरवर असतात तशी. काळा रंग पोटात लपलेला. अशी पाहुणी येत राहिली तर काळे वाघ हळूहळू कमी होत जाणार. जगात दुसऱ्या कुठल्याही जंगलात नसलेली ती देखणी लिमिटेड एडिशन!

म्हणजे एकीकडे आपण काळ्या वाघांची सफारी काढणार आणि दुसरीकडे काळे वाघ कमी होतील असा उपाय करणार. चालेल आपल्याला? काळा वाघ बघायला तिकीट काढणारे हजार भेटतील. ‘या वर्षी काळी पिल्लं कमी झाली हो!’ म्हणून पेढे वाटणारे किती भेटतील?

मी तरी ठरवलंय. ज्या दिवशी सिमिलिपालमध्ये झीनतच्या किंवा जमुनाच्या मागे एखादं अगदी साधं, चारचौघांसारखं पट्टेरी पिल्लू चालताना दिसलं अशी बातमी येईल, त्या दिवशी पेढे माझ्याकडून.

आत्याला ही सगळी गोष्ट सांगितली. तिने शांतपणे ऐकून घेतली. मग म्हणाली, “बघ, वाघांनासुद्धा कळतं. आणि तुम्ही आम्हाला हसता! बरं, ते जाऊ दे. औरंगाबादकडचं एक स्थळ आलंय. गोत्र वेगळं आहे.”

मी सध्या बांकुऱ्याच्या दिशेने चालतेय.